नुरा कुस्ती आणि खरा मार

फेब्रुवारी १९८९. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे एक विधेयक आले. व्यावसायिक कुस्ती ही खरीखुरी क्रीडास्पर्धा नसून प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी केलेली झुंज आहे, अशी तिची व्याख्या त्यात केलेली होती. ही व्याख्या कुणा टीकाकाराने सुचवलेली नव्हती. या धंद्यातील सर्वांत मोठ्या कंपनीलाच, म्हणजे आज ज्या कंपनीला आपण डब्ल्यूडब्ल्यूई म्हणतो त्या तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफला, ती हवी होती. विधेयक ३७ विरुद्ध १ मतांनी संमत झाले.

व्यावसायिक कुस्तीतील डोक्याच्या दुखापतींचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९९८ च्या पोलादी पिंजऱ्यापासून किंवा २००७ च्या ख्रिस बेन्वा प्रकरणापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात या मतदानापासून करायला हवी. आजचा धागा त्यामुळे जरा लांबणार आहे.

ठरवून लढलेल्या कुस्तीला आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ म्हणतात, आणि मराठी वर्तमानपत्रांत हा शब्द आता मल्लांपेक्षा राजकारण्यांसाठीच अधिक वापरला जातो. अमेरिकेत या ठरवाठरवीच्या गुपिताला धंद्याच्या बोलीत ‘केफेब’ म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या हे गुपित कसोशीने जपले गेले. खलनायक आणि नायक एका गाडीतून प्रवास करत नसत आणि एका टेबलावर जेवतही नसत. असे असताना कंपनी राज्यसरकारच्या दारात जाऊन हे गुपित स्वतःच का फोडते?

कारण अगदी रोकडे होते. कुस्ती हा ‘खेळ’ ठरला, तर मुष्टियुद्धाप्रमाणे तीही राज्याच्या क्रीडा आयोगाच्या अखत्यारीत येते. मग मल्लांना आणि पंचांना परवाने लागतात, झुंजीपूर्वी वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि प्रक्षेपणाच्या उत्पन्नावर करही भरावा लागतो. ‘करमणूक’ ठरली की हे सारे टळते. त्या दशकात आणि पुढच्याही दशकात अनेक राज्यांत आयोगांची ही पकड सैल होत गेली.

पकड घट्ट होती तेव्हा मल्ल फार सुरक्षित होते, असे मात्र कुणी समजू नये. अनेक ठिकाणी आयोगाचा डॉक्टर नाडी पाहून मोकळा होई. तरीही मल्लाच्या प्रकृतीविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेला एक तरी माणूस कंपनीबाहेरचा असे. तो आता दारातून निघून गेला.

आत कुणी उरले होते का? मल्ल हे कंपनीचे कर्मचारी नव्हते. करारात त्यांना ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हटलेले असे, म्हणजे आरोग्यविम्याची जबाबदारी ज्याची त्याने पाहायची. संघटनाही नव्हती. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुराने सहकाऱ्यांसमोर संघटनेचा विषय काढला होता. त्याची खबर मालक व्हिन्स मॅकमॅहनपर्यंत हल्क होगननेच पोहोचवली, हे पुढे एका दाव्यातील साक्षीत उघड झाले. संघटना झाली नाही, ती आजतागायत नाही. (व्हेंचुरा पुढे मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर झाला, पण ती गोष्ट वेगळ्या धाग्याची आहे.)

‘खोटी कुस्ती’ म्हणताना खोटे नेमके काय असते, तेही पाहू. निकाल ठरलेला असतो. ठोसा गालाजवळून निघून जातो आणि आवाज पायाच्या आपटण्याचा असतो. पडणे मात्र खरे असते. रिंगच्या कापडाखाली फोमचा पातळ थर, त्याखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली पोलादी तुळया असतात. म्हणून नवशिक्याला पहिला धडा पडण्याचाच देतात: हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास सोडायचा आणि पाठ सपाट टेकवून मार सर्वत्र पसरवायचा. हनुवटीवर इतका भर एवढ्यासाठी की मान सैल राहिली तर डोके मागे झोकले जाऊन फळीवर आपटते.

तसे एकदा झाले की पुढे जे घडते, त्यात अभिनयाला वाव नसतो. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोके वेगाने हलून एकाएकी थांबले किंवा गर्रकन वळले, की आतल्या मऊ ऊतींना ताण बसतो. यालाच डॉक्टर कन्कशन म्हणतात. हाड मोडलेले नसते, रक्त आलेले नसते. माणूस उठून उभा राहतो, काही वेळा ठरलेली झुंज शेवटपर्यंत पारही पाडतो. पहिला धक्का ओसरण्यापूर्वी दुसरा बसला, तर तो जीवघेणा ठरू शकतो. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कुस्तीशाळेत असेच घडले. कन्कशन होऊन गेलेल्या एका प्रशिक्षणार्थीला पुन्हा सरावाला उतरवले गेले आणि त्याचा मृत्यू झाला. त्या दिवशी सरावात त्याच्यासमोर दलीपसिंग राणा होता, ज्याला आपण पुढे ‘द ग्रेट खली’ म्हणून ओळखू लागलो. २००५ मध्ये ज्युरीने त्या शाळेला जबाबदार धरून दहा लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली.

डोक्यावरच्या वारंवार माराने काय होते, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस अचानक कळले, असे आज सांगितले जाते. त्याची तारीख मात्र बरीच जुनी आहे आणि ठिकाण पुन्हा न्यू जर्सीच आहे. नेवार्क शहर ज्या एसेक्स काउंटीत येते, तेथील शवचिकित्सक हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ‘पंच ड्रंक’ या शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध केला. ठोसे खाऊन खाऊन मुष्टियोद्ध्यांची चाल अडखळते, जीभ जड होते, हात थरथरतात, मंदपणा येतो, हे त्यांनी नोंदवले. ‘पंच ड्रंक’ हा शब्द त्यांचा नव्हता. तो आखाड्याभोवतीच्या लोकांचा थट्टेचा शब्द होता. म्हणजे प्रेक्षकांना आणि आयोजकांना ही व्याधी ठाऊक होती, तिला त्यांनी नावही दिले होते, आणि त्यावर ते हसत होते. मार्टलँड यांनी त्या थट्टेला वैद्यकात जागा दिली. रेडियमने घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या कामगार मुलींच्या विषबाधेचा छडा लावण्यातही याच माणसाचा मोठा वाटा होता, हे जाता जाता सांगून ठेवतो.

याच राज्याच्या सिनेटने एकसष्ट वर्षांनी कुस्तीला करमणूक ठरवले. इथून पुढचा भाग मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत विचित्र वाटतो. गुपित फुटल्यावर मारामारी सौम्य व्हायला हवी होती. झाले उलटे. सारे ठरलेले असते हे कळलेल्या प्रेक्षकाला विश्वास ठेवायला नवे कारण लागते. तो पुरावा मागू लागतो. मग जे खोटे करताच येत नाही, तेच त्याला विकावे लागते.

फिलाडेल्फियात बिंगोच्या जुन्या सभागृहात कार्यक्रम करणारी ईसीडब्ल्यू ही छोटी कंपनी हा बाजार ओळखणाऱ्यांत आघाडीवर होती. तिचे प्रेक्षक जाणते होते, मुळमुळीत ठोशाची जागेवरच टर उडवत. प्रेक्षकांसाठी मांडलेली पोलादी घडीची खुर्ची हे तिथले आवडते हत्यार. खुर्चीचा मार पाठीवर, सपाट बाजूने घेतला तर आवाज मोठा येतो आणि इजा बेताची होते. डोक्यावर घ्यायचाच झाला, तर हात वर करून तो झेलायचा, हा जुना शहाणपणा होता. या प्रेक्षकांना तेवढ्याने समाधान नव्हते. हात खाली ठेवून उघड्या डोक्यावर खुर्ची घेणारा तो खरा, असा हिशेब रूढ झाला. ऑगस्ट १९९४ मध्ये तिथल्या एका झुंजीनंतर रिंगमधून प्रेक्षकांकडे एक खुर्ची मागितली गेली. लोकांनी इतक्या खुर्च्या भिरकावल्या की आत पडलेले दोन मल्ल त्यांच्या ढिगाखाली दिसेनासे झाले. रिंगमध्ये तेव्हा टेरी फंकबरोबर होता मिक फोली. हे नाव लक्षात असू द्या.

१९९५ पासून डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि डब्ल्यूसीडब्ल्यू या दोन मोठ्या कंपन्यांत दर सोमवारी रात्री प्रेक्षकसंख्येची लढाई सुरू झाली आणि बिंगोच्या सभागृहातली रीत कोट्यवधींच्या दिवाणखान्यात पोहोचली. आपल्याकडेही ती आली. ज्यांच्या दप्तरात कधीकाळी मल्लांच्या पत्त्यांचा कॅट असे, त्यांना उंची, वजन, छाती, रँक असे त्यावरचे रकाने आठवत असतील. डोक्याला किती मार बसला, याचा रकाना अर्थातच नव्हता.

३ ऑगस्ट १९९७ रोजी डब्ल्यूडब्ल्यूएफचा ‘समरस्लॅम’ न्यू जर्सीतील ईस्ट रदरफोर्डला झाला. मार्टलँड यांचे नेवार्क तिथून काही मैलांवर. कुस्तीवरील राज्याचा कर उठवल्याबद्दल गव्हर्नर क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांचा त्या दिवशी विजेत्याचा पट्टा देऊन सत्कार करण्यात आला. आणि त्याच कार्यक्रमात ओवेन हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला उलटा धरून पाइलड्रायव्हर हा डाव टाकला. ऑस्टिनचे डोके हार्टच्या मांड्यांमध्ये वर राहायला हवे होते, ते खाली लोंबले आणि शरीराचा सगळा भार घेऊन जमिनीवर आदळले. काही काळ त्याचे हातपाय हलेनात. हार्ट प्रेक्षकांना डिवचत वेळ काढत राहिला. ऑस्टिनने कसेबसे सरपटत जाऊन त्याला गुंडाळले, कारण निकाल त्याच्या विजयाचा ठरला होता. सत्कार आणि हा अपघात एकाच छताखाली, एकाच कार्यक्रमात घडले. कादंबरीत हा योग कुणी योजला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

फोलीकडे वळू. २८ जून १९९८, पिट्सबर्ग. सुमारे १६ फूट उंच पोलादी पिंजऱ्याच्या माथ्यावरून अंडरटेकरने त्याला खाली समालोचकांच्या टेबलावर फेकले. हे ठरलेले होते. स्ट्रेचरवरून उठून फोली पुन्हा वर चढला. या वेळी पिंजऱ्याचे छत त्याच्या भाराने निसटले आणि तो थेट रिंगमध्ये आदळला. पाठोपाठ छतावरची खुर्ची त्याच्या तोंडावर पडली. हे ठरलेले नव्हते. त्याची शुद्ध हरपली होती, दात तुटला होता. शुद्धीवर आल्यावर त्याने झुंज पुरी केली, शेवटी विखुरलेल्या टाचण्यांवर पडण्यासकट. ही चित्रफीत आजही ‘थरारक क्षण’ म्हणून फिरते. आपण नेमके काय पाहत आहोत, हे विचारणारा त्याखाली क्वचित सापडतो.

माझ्या लेखी मात्र यापेक्षा गंभीर दस्तऐवज आहे २४ जानेवारी १९९९ चा. कॅलिफोर्नियातील अनाहाइमच्या ‘रॉयल रंबल’मध्ये फोली आणि द रॉक यांच्यात ‘आय क्विट’ झुंज झाली. हार मानतो असे स्वतःच्या तोंडाने म्हणेल तो हरला, हा नियम. फोलीचे हात पाठीमागे बेडीत अडकवले गेले, म्हणजे खुर्ची आली तर हात वर करण्याची सोयच उरली नाही. डोक्यावर साधारण पाच फटके बसतील असा अंदाज होता. बसले अकरा. त्याची पत्नी आणि दोन लहान मुले पहिल्या रांगेत होती. मुले किंचाळून रडत होती. बॅरी ब्लॉस्टीन तेव्हा ‘बियाँड द मॅट’ या माहितीपटासाठी चित्रण करत होता, त्यात हे सारे आले आहे. नंतर मुलांचे ते चित्रण पाहताना फोलीचा उतरलेला चेहराही त्यात आहे.

शेवट कसा झाला? निपचित पडलेल्या फोलीच्या तोंडाजवळ माइक धरला गेला आणि सभागृहात ‘आय क्विट’ हे शब्द घुमले. तो आधीच्या एका मुलाखतीतला, ध्वनिमुद्रित आवाज होता. शब्द खोटे, फटके खरे. हात बांधलेला अभिनेता आणि त्याच्या वतीने बोलणारे यंत्र. १९८९ च्या विधेयकातील ‘करमणूक’ या शब्दाचा अर्थ दहा वर्षांत इथवर आला होता.

चार महिन्यांनी, २३ मे रोजी, कॅन्सस सिटीत ओवेन हार्टला छताजवळून दोरीने खाली उतरवण्याचा प्रसंग योजला होता. पट्टा सुटला, तो रिंगमध्ये कोसळला आणि मरण पावला. हा कथानकाचा भाग नाही, असे समालोचक जिम रॉसला टीव्हीवर पुन्हा पुन्हा सांगावे लागले. कार्यक्रम थांबवला गेला नाही. हार्टच्या कुटुंबाने लावलेला दावा पुढच्या वर्षी १ कोटी ८० लाख डॉलरवर मिटला.

मोठे अपघात लक्षात राहतात. मेंदू झिजतो तो बहुधा लहान, रोजच्या धक्क्यांनी. त्यासाठी एका डावाची वंशावळ पाहू. दोराच्या वरच्या टोकावरून झेपावून आडव्या पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर डोक्याने आदळायचे, हा ‘डायव्हिंग हेडबट’. त्याचे जनकत्व हार्ली रेसकडे जाते, आणि पुढे हा डाव शोधल्याचा त्याला पश्चात्ताप झाला. त्याच्याकडून तो इंग्लंडच्या टॉम बिलिंग्टनने, म्हणजे डायनामाइट किडने उचलला. डायनामाइट किडच्या अखेरच्या दोन दशकांची सोबत चाकाच्या खुर्चीने केली. २०१८ मध्ये साठाव्या वाढदिवशीच तो वारला. त्याला देव मानणारा कॅनडाचा मुलगा म्हणजे ख्रिस बेन्वा. त्याने हा डाव जसाच्या तसा घेतला आणि कारकीर्दभर वापरला. पुढे डॅनियल ब्रायननेही तो वापरला. वारंवारच्या कन्कशनमुळे २०१६ मध्ये त्याला निवृत्ती जाहीर करावी लागली, दोन वर्षांनी तो परतला. आपल्या तालमींतून डाव जसे वस्तादाकडून चेल्याकडे येतात, तसा हा आला, आणि त्याबरोबर त्याची किंमतही.

डायनामाइट किडची कीर्ती उजळली ती जपानमध्ये, १९८१ पासून टायगर मास्कशी झालेल्या झुंजींत. त्या मुखवट्याचा दुसरा धनी होता मित्सुहारू मिसावा. मुखवटा उतरवल्यावर नव्वदच्या दशकात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जी शैली घडवली, तिच्यात प्रतिस्पर्ध्याला मानेवर, डोक्यावर टाकणारे डाव चढत्या क्रमाने येत. तिथे प्रेक्षकांना खुर्ची नको होती, सोसण्याची पराकाष्ठा हवी होती. मागणी मात्र तीच: खोटे करता येणार नाही असे काहीतरी दाखवा. १३ जून २००९ रोजी हिरोशिमात मागे टाकण्याच्या एका साध्या डावानंतर मिसावा उठलाच नाही. मानेतील मज्जारज्जूला इजा झाली होती. वय ४६. ती कंपनी त्याची स्वतःचीच होती, तोच तिचा अध्यक्ष होता. म्हणजे सगळा दोष मालकाच्या लोभावर ढकलून मोकळे होता येत नाही.

जून २००३ मध्ये हार्वर्डचा पदवीधर ख्रिस नोविन्स्की याला रिंगमध्ये हनुवटीवर लाथ बसली. लक्षणे लपवत तो काही आठवडे लढत राहिला, मग डोकेदुखीने त्याला गाठले. डॉ. रॉबर्ट कॅन्टू यांनी त्याला विचारले की याआधी किती कन्कशन झाली, तेव्हा कळले की ज्याला तो ‘घंटा वाजली’ म्हणून सोडून देत असे, ते प्रत्येक कन्कशनच होते. २००६ मध्ये त्याने ‘हेड गेम्स’ हे पुस्तक लिहिले आणि २००७ मध्ये कॅन्टू यांच्यासह मेंदूच्या दुखापतींवर काम करणारी संस्था काढली.

त्याच जूनमध्ये बेन्वाने जॉर्जियातील आपल्या घरी पत्नीची आणि सात वर्षांच्या मुलाची हत्या करून आत्महत्या केली. नोविन्स्कीने बेन्वाच्या वडिलांकडे मेंदूच्या तपासणीची परवानगी मागितली. ज्या डॉ. बेनेट ओमालू यांनी फुटबॉलपटू माइक वेबस्टरच्या मेंदूत क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे सीटीई, शोधली होती, ते तपास करणाऱ्यांत होते. चाळिशीतल्या माणसाच्या मेंदूची अवस्था अल्झायमर जडलेल्या ८५ वर्षांच्या रुग्णासारखी होती, असे जाहीर झाले. कंपनीने या निष्कर्षावर शंका घेतली. इथे सावध राहायला हवे. सीटीईमुळे हत्या झाली, असे कुठलाही मेंदू सिद्ध करू शकत नाही. हा आजार जडलेले असंख्य लोक कुणालाही इजा करत नाहीत, आणि बळी गेलेल्या दोघांना या चर्चेत तळटीप करून टाकणे हा दुसरा अन्याय ठरेल. सिद्ध झाले ते एवढेच की पडदा पडल्यावरही मार शरीरात शिल्लक होता. २००९ मध्ये ‘टेस्ट’ या नावाने लढणारा अँड्र्यू मार्टिन ३३ व्या वर्षी गेला. त्याच्याही मेंदूत सीटीई आढळली.

२००८ पासून डब्ल्यूडब्ल्यूईने कन्कशनची पूर्वतपासणी सुरू केली. २०१० मध्ये डोक्यावर खुर्ची मारण्यावर बंदी आली. मार्टलँड यांच्या निबंधाला तेव्हा ८२ वर्षे झाली होती.

२०१६ मध्ये पन्नासहून अधिक माजी मल्ल कनेक्टिकटच्या न्यायालयात गेले. मेंदूच्या धोक्यांची माहिती कंपनीने आमच्यापासून दडवली, हे त्यांचे म्हणणे. अमेरिकन फुटबॉलच्या निवृत्त खेळाडूंना वर्षभरापूर्वीच मोठी सामूहिक तडजोड मिळाली होती. मल्लांना काहीच मिळाले नाही. २०१८ मध्ये दावे फेटाळले गेले, बऱ्याच अंशी मुदत उलटून गेली म्हणून. अपिलातही निराशाच पदरी पडली.

आता काळ बदलला, असे म्हणावे तर २९ जून २०१९ ची फ्लोरिडातली एक झुंज आड येते. एईडब्ल्यू या नव्या कंपनीच्या कार्यक्रमात कोडी ऱ्होड्सने उघड्या डोक्यावर खुर्ची घेतली. खुर्ची आधी कमकुवत करून ठेवलेली होती, तरीही डोके फुटले आणि टाके पडले. वर्षभराने, ५ सप्टेंबर २०२० रोजी, त्याच कंपनीच्या जॅक्सनव्हिलमधील झुंजीत मॅट हार्डी उंच यंत्रावरून पडला आणि त्याचे डोके काँक्रीटवर आपटले. तो उठताना भेलकांडत होता. पंचाने झुंज थांबवली, घंटा वाजली, डॉक्टर आले. हार्डी हरला तर त्याने कंपनी सोडायची, असे कथानकात ठरलेले होते. काही मिनिटांत झुंज पुन्हा सुरू झाली. हार्डी लोखंडी सांगाड्यावर चढला आणि जिंकला.